डॅशबोर्डामागचा कारकून

१

डेट्रॉइटच्या उत्तरेकडील एका उपनगरात, जेथे कार्तिकातला सूर्य पाच वाजताच आपला बाडबिस्तरा आवरतो आणि रस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली निष्पर्ण झाडे अंधारात एकमेकांत मिसळून जातात, मी एका संध्याकाळी माझ्या भाच्याच्या मोटारीतून त्याच्या घरी परतत होतो. गाडी तो बेतानेच हाकीत होता. इतक्यात उजवीकडच्या झुडपांतून एक हरिणी रस्त्यावर आली, दिव्यांच्या झोतात क्षणभर थिजून उभी राहिली, आणि भाच्याने करकचून ब्रेक दाबला. हरिणी पलीकडे निघून गेली, आम्हीही सुखरूप राहिलो. पण दोघांच्याही छातीतली धडधड थांबण्यापूर्वीच स्टिअरिंगच्या खालून कोठूनसा तीन वेळा बारीक 'पीं' असा आवाज आला.

"मामा, हरीण वाचलं, पण डिस्काउंट गेला!" भाचा हसत म्हणाला.

मिशिगन राज्यात हरणे आणि मोटारी यांच्या टकरी अलीकडे दरसाल पन्नास हजारांहून अधिक होतात. तेव्हा ती टक्कर टाळणारा मनुष्य वस्तुतः विमा कंपनीच्या कृतज्ञतेस पात्र ठरावयास हवा. पण घरी पोचल्यावर भाच्याने मला वाकून दाखविली ती काडेपेटीएवढी काळी डबी कृतज्ञतेसाठी घडविलेली नव्हती. अमेरिकेत १९९६ पासूनच्या प्रत्येक मोटारीत चालकाच्या गुडघ्याजवळ सोळा टाचण्यांचे एक खाचदार तोंड असते. गाडीच्या धुराची आणि यंत्राची तपासणी कोणत्याही कारागिराला करता यावी, या उदात्त हेतूने सरकारने ते सक्तीचे केले. त्याच तोंडात विमा कंपनीने टपालाने पाठविलेली ही डबी बसविली होती. एका सेकंदात गाडीचा वेग ताशी सात मैलांनी किंवा त्याहून अधिक उतरला, की तिच्या दफ्तरी तो 'जोराचा ब्रेक' म्हणून रुजू होतो. समोर हरीण होते, मूल होते की नुसता चालकाचा निष्काळजीपणा होता, याची चौकशी करण्याचे तिला कारण नसते.

जेवताना भाचेसुनेने आपली कैफियत मांडली. ती एका रुग्णालयातील औषधभांडारात काम करते आणि तिची पाळी पुष्कळदा रात्रीची असते. मध्यरात्र ते पहाटे चार या वेळात गाडी चालविणे या डबीच्या शास्त्रात धोक्याचे लेखले जाते. कारण त्या वेळी रस्त्यावर पेंगुळलेले आणि मद्यधुंद लोक अधिक असतात. "अहो मामा, मी दारू पिऊन येत नाही, ड्यूटी करून येते," ती म्हणाली, "पण हे त्या डबीला कोण सांगणार?"

वास्तविक ती डबी त्यांनी स्वखुशीने पत्करली होती. तिच्या अटी वाचल्या होत्या. तिची नोंद त्यांना फोनवर दिसत होती. आणि नको वाटेल तेव्हा ती उपटून परत पाठविण्याची मुभाही त्यांना होती. या कहाणीतला सर्वांत सभ्य पहारेकरी म्हणजे ही डबी. ती निदान 'पीं' असा आवाज तरी करते. पुढे ज्यांची हकीकत सांगावयाची आहे, ते आवाज करीत नाहीत.

२

विम्याचा धंदा मुळातच अनोळखी माणसाच्या भविष्याविषयी अंदाज बांधण्याचा आहे, आणि शंभर वर्षे हा अंदाज जातीवरून बांधला गेला. येथे जात म्हणजे वय, लिंग, वस्ती, मोटारीचा प्रकार, व्यवसाय. विशीतला तरुण म्हटला की तो भरधाव हाकणारच, असे गृहीत धरून त्याचा हप्ता चढविला जाई. त्यांतील एखादा बापडा बैलगाडीच्या चालीने जात असला, तरी आपल्या पिढीचे पाप त्याला फेडावेच लागे. युरोपच्या न्यायालयाने २०११ साली विम्याच्या हप्त्यात स्त्रीपुरुषभेद करता येणार नाही असे ठरविले आणि पुढल्या वर्षीच्या डिसेंबरात तो निर्णय अमलात आला. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तर मोटारीचा हप्ता ठरविताना माणसाची कर्जफेडीची पतही पाहतात; कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्स यांसारखी थोडी राज्येच ही चाल मानीत नाहीत. हात आखडलेला मनुष्य ब्रेकही उशिरा दाबतो, असे मानण्याइतके हे तर्कशास्त्र उद्धट आहे.

या पार्श्वभूमीवर, जाती पाहू नका, प्रत्यक्ष आचरण पाहा, असे म्हणणारे यंत्र अवतरले तेव्हा त्याच्या बाजूने न्यायाचा पक्ष उभा होता, हे मान्य केले पाहिजे. प्रोग्रेसिव्ह या अमेरिकन कंपनीने गेल्या शतकाच्या अखेरीस टेक्सासमध्ये त्याचा पहिला प्रयोग केला. इंग्लंडात नॉर्विच युनियनने २००६ साली 'जितके हाकाल तितके भरा' या तत्त्वावर योजना काढली आणि गिऱ्हाईक पुरेसे न मिळाल्याने दोन वर्षांत गुंडाळली. परंतु पुढे तेथील नवशिक्या तरुणांना विम्याचे हप्ते परवडेनासे झाले, तेव्हा हीच 'काळी पेटी' त्यांच्या गाड्यांत शिरली ती कायमची.

म्हणजे आक्षेप मोजण्याला नाही. जो सावध हाकतो त्याने कमी भरावे, ही गोष्ट शाळकरी पोरालाही पटेल. प्रश्न एवढाच, की मोजणाऱ्याची वही कोणाच्या हातात असते.

३

या प्रश्नाचे उत्तर ज्या शहराने मोटार घरोघरी पोचविली त्याच शहरातून आले. डेट्रॉइटच्या जनरल मोटर्सने १९९६ पासून 'ऑनस्टार' नावाची व्यवस्था आपल्या गाड्यांत बसविण्यास प्रारंभ केला: अपघात झाला तर मदतीस माणसे धावावीत, किल्ली आत राहिली तर दुरून दार उघडावे, चोरी झाली तर गाडीचा माग लागावा. या उपकारक व्यवस्थेच्या पोटी पुढे 'स्मार्ट ड्रायव्हर' नावाची एक सोय जन्मास आली; चालकाला आपल्या चुका कळाव्यात आणि त्याने सुधारावे, एवढाच तिचा जाहीर उद्देश होता.

२०२४ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहर काश्मीर हिल यांनी या सोयीमागचा व्यवहार उघडकीस आणला. सिएटलजवळ राहणारा, कधीही अपघात न केलेला एक साठी उलटलेला गृहस्थ आपला विम्याचा हप्ता एकवीस टक्क्यांनी का वाढला म्हणून चौकशी करू लागला, तेव्हा त्याला लेक्सिसनेक्सिस या माहितीचा व्यापार करणाऱ्या पेढीकडे बोट दाखविण्यात आले. कायद्याने मिळालेल्या हक्कान्वये त्याने तेथून आपले दफ्तर मागविले. २५८ पानांचे बाड आले. त्यात त्याने आणि त्याच्या पत्नीने सहा महिन्यांत केलेल्या ६४० फेऱ्यांची रोजकीर्द होती: निघाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, अंतर, वेगाचा अतिरेक, जोराचे ब्रेक, एकदम घेतलेली गती. कोठे गेले एवढेच काय ते त्यात नव्हते. पेशवाईतल्या फडावर दररोज होणाऱ्या खर्चाची टिपणे जितक्या निष्ठेने लिहिली जात, तितक्याच निष्ठेने त्यांच्या डॅशबोर्डामागे बसलेला एक अदृश्य कारकून लिहीत राहिला होता. फरक इतकाच, की त्याचा पगार दुसराच कोणी देत होता.

अधिक बोलका भाग पुढचा आहे. हिल यांनी आणि त्यांच्या पतीने त्याच कंपनीची मोटार काही महिन्यांपूर्वी घेतली होती. स्वतःचे नाव या सोयीत नाही अशी त्यांची खात्री होती. पण पतीची माहिती मागविली तेव्हा त्यांच्याही फेऱ्या त्या पेढीकडे पोचलेल्या आढळल्या. गाडी विकणाऱ्या दुकानातच, खरेदीच्या कागदपत्रांच्या धांदलीत, त्यांची नोंदणी उरकून गेली होती.

बातमी प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच दिवसांत जनरल मोटर्सने हा पुरवठा बंद केला. ऑगस्टमध्ये टेक्सासच्या महाधिवक्त्याने कंपनीवर फिर्याद गुदरली; तीत एक कोटी चाळीस लाखांहून अधिक वाहनांची माहिती विकल्याचा आरोप होता. २०२५ च्या जानेवारीत संघराज्याच्या व्यापार आयोगाने तडजोडीचा मसुदा जाहीर केला: वाहनाचे ठिकाण आणि चालकाचे वर्तन यांची माहिती पतमापन करणाऱ्या पेढ्यांना देण्यास पाच वर्षे मनाई. गाडीचे नेमके ठिकाण काही प्रसंगी दर तीन सेकंदांनी टिपले जात होते, असे आयोगाने आपल्या तक्रारीत नमूद केले.

आणि या साऱ्याची किंमत काय? रॉन वायडेन आणि एडवर्ड मार्की या दोन सिनेटरांनी २०२४ च्या जुलैमध्ये आयोगाला धाडलेल्या पत्रात तिचा हिशेब आहे. होंडाने ९७,००० गाड्यांची माहिती व्हेरिस्क या पेढीला दिली आणि मोबदला घेतला २५,९२० डॉलर, म्हणजे गाडीमागे सव्वीस सेंट. ह्युंदाईला सतरा लाख गाड्यांपोटी गाडीमागे एकसष्ट सेंट पडले. सव्वीस सेंट म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे बावीस रुपये. पुण्यातल्या बऱ्यापैकी हॉटेलात तेव्हा तेवढ्यात एक चहा मिळे. एखाद्या माणसाच्या येण्याजाण्याचे गुपित फार मोलाचे असते म्हणून ते विकले जाते, असा आपला समज असेल तर तो सोडून द्यावा. ते कवडीमोलाने विकले जाते म्हणूनच ते विकताना कोणाला दोनदा विचार करावासा वाटत नाही.

४

आता आवाज न करणाऱ्या पहारेकऱ्यांचा दुसरा प्रकार.

गाडीखाली किंवा सीटच्या पोटात दडविलेल्या यंत्राविषयी लोकांत एक गैरसमज आढळतो, की आकाशातील उपग्रह आपल्याला पाहत असतो. उपग्रह कोणालाच पाहत नाही. वीस हजार किलोमीटर उंचीवरून तो केवळ आपली वेळ आणि आपली जागा यांचा पुकारा करीत राहतो. खालचे यंत्र निदान चार उपग्रहांचे पुकारे ऐकून, त्यांच्या वेळांतील अंतरावरून स्वतःचा ठाव गणिताने काढते. येथवर सारा मामला निर्दोष आहे. चहाडी करते ते त्या यंत्रातले मोबाइलचे सिमकार्ड, जे हा ठाव तिसऱ्याच कोणाच्या कानी घालते. पेढ्याएवढ्या ॲपल एअरटॅगमध्ये तर उपग्रहाशी बोलण्याची सोयही नाही. आसपासच्या परक्या फोनांनाच तो आपला निरोप पोचवावयास लावतो. हरवलेल्या किल्ल्या सापडाव्यात म्हणून २०२१ साली बाजारात आलेली ही चकती थोड्याच काळात बायकांच्या मोटारींत आणि पर्सांत लपवून त्यांचा पाठलाग करण्यासाठी वापरली जाऊ लागली. अनोळखी चकती आपल्यासोबत फिरत असेल तर फोनने सावध करावे, ही व्यवस्था ॲपल आणि गूगल यांनी मिळून आणली ती २०२४ च्या मे महिन्यात.

सरकारने असे यंत्र लपविले तर? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा निकाल २०१२ साली युनायटेड स्टेट्स विरुद्ध जोन्स या खटल्यात दिला. पोलिसांनी वॉशिंग्टनमध्ये दहा दिवसांच्या मुदतीत यंत्र बसविण्याचा परवाना मिळविला आणि बसविले अकराव्या दिवशी, तेही शेजारच्या मेरिलँड राज्यात. अठ्ठावीस दिवस संशयिताच्या जीपचा माग काढला गेला आणि दोन हजारांवर पानांची माहिती जमली. नऊही न्यायमूर्तींनी पोलिसांविरुद्ध निकाल दिला. कारणे मात्र निरनिराळी दिली. दुसऱ्याच्या मालमत्तेला हात लावून माहिती काढणे हाच अतिक्रम, असे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी अठराव्या शतकाचा दाखला घेऊन म्हटले. त्यावर न्यायमूर्ती अलिटो यांनी चिमटा काढला, की त्या काळी घोडागाडीत शिपाई लपवून महिनाभर पाळत ठेवायची, तर एक गाडी तरी अवाढव्य हवी किंवा शिपाई तरी अंगठ्याएवढा हवा. विनोद मार्मिक होता. परंतु तो अंगठ्याएवढा शिपाई आता खरोखरीच जन्माला आला आहे, आणि त्याला गाडीत लपून शिरावे लागत नाही. कारखान्यातून गाडी बाहेर पडतानाच तो आत बसलेला असतो.

५

आपल्याकडे हा शिपाई कायद्याच्या हुकमाने आणि प्रथम सद्हेतूने आला. दिल्लीतील २०१२ च्या डिसेंबरातल्या अमानुष घटनेनंतर सार्वजनिक वाहनांत ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि संकटसमयी दाबावयाचे बटण असावे, असे ठरले. त्यासाठीचे मानक 'एआयएस-१४०' या रूक्ष नावाने ओळखले जाते. अशा मानकांचे दफ्तर पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडे आहे, हे सकाळी त्या टेकडीवर फिरावयास जाणाऱ्या पुणेकरांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या बसगाड्या आणि टॅक्सी यांना ते लागू झाले. तीनचाकी रिक्षा मात्र त्यातून वगळल्या गेल्या. रात्रीच्या बसमधून एकटीने प्रवास करणाऱ्या मुलीला त्या बटणाचा आधार वाटत असेल, तर 'पाळत' या एकाच शब्दाखाली त्याची वासलात लावणे अन्यायाचे होईल.

विम्याच्या प्रांतात आपल्या नियामक प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैमध्ये 'जितके हाकाल' आणि 'जसे हाकाल' अशा दोन्ही तऱ्हांच्या पुरवण्या देण्याची मुभा कंपन्यांना दिली. सक्तीच्या त्रयस्थ विम्याचा दर सरकार ठरविते, म्हणून यंत्राची मात्रा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यापुरतीच चालते; आणि दावा न केल्याबद्दल विसापासून पन्नास टक्क्यांपर्यंत मिळणारी सवलत लोकांच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की नवीन प्रकार अजून बाळसे धरीत आहे. मालट्रकांच्या धंद्यात मात्र पाळत जुनी झाली. 'गाडी कुठं लावलीस? ढाब्यावर दीड तास काय करतोस?' असा मालकाचा फोन ज्याला येत नाही असा लांबपल्ल्याचा चालक आज विरळा. कर्जाचे हप्ते थकले की गाडी कोठे उभी आहे हे वसुलीवाल्यांना आधी कळते आणि चालकाला मागाहून.

कायदा काय म्हणतो? १९६२ साली खडकसिंगाच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येऊन धडकणे बेकायदा ठरविले. पण त्याच्या हालचालींवर नजर ठेवण्यात बहुमताला गैर दिसले नाही, कारण खासगीपण हा हक्कच घटनेत नाही असे त्याचे मत पडले. न्यायमूर्ती सुब्बाराव एका सहकाऱ्यासह विरोधात उभे राहिले. पंचावन्न वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने तो हक्क मान्य केला. त्यातील प्रमुख निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतील ज्या निकालाला सदोष ठरविले, त्यावर त्यांच्या वडिलांचीही सही होती. आणि ८ जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयातील न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने असा निर्णय दिला, की आरोपीने फोनवरून आपला ठावठिकाणा तपासयंत्रणेला सतत दिसत ठेवावा, अशी अट जामिनावर घालता येणार नाही. म्हणजे जामिनावर सुटलेल्या आरोपीला जे संरक्षण मिळाले, ते निरपराध मोटारधारकाने अटींच्या चाळीस पानांखाली 'मान्य' असे बोट टेकवून घालवून बसावे, असा हा विपर्यास आहे. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले, आणि त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांच्या अवधीनंतर अमलात यावयाच्या आहेत.

६

बोट टेकविण्यावरून मला नेहमी सुप्याची आठवण होते. पुणे जिल्ह्यातील या बाजारगावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. इतिहासात 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदल्या गेलेल्या त्या उठावात त्यांचा रोख प्रामुख्याने एका वस्तूवर होता: कर्जरोखे. जेथे रोखे मुकाट्याने हाती दिले गेले, तेथे बहुधा सावकाराच्या अंगाला धक्का लागला नाही. कागद जाळून लोक घरी गेले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे, पण जो आपल्याला वाचता येत नाही, ज्यात काय भरले आणि केव्हा भरले हे दुसराच जाणतो, आणि ज्याच्या बळावर आपली जमीन जाऊ शकते, त्या कागदावरचा तो संताप होता. व्याज घेणे पाप आहे असे त्या कुणब्यांचे म्हणणे नव्हते. वही आपल्याला दिसत नाही हे त्यांचे दुखणे होते.

गोऱ्या सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. रोखा गावनिबंधकासमोर लिहिला जावा, सावकाराने पैसे पोचल्याची पावती द्यावी, मागेल त्याला हिशेबाचा उतारा द्यावा, अशा तरतुदी त्यात होत्या. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कलमांत आजच्या डॅशबोर्डामागच्या कारकुनाला लागू पडणार नाही असे फारसे काही नाही. माझ्या फेऱ्यांची वही ठेवावयाची असेल तर ती माझ्यासमक्ष उघडली जावी. तिचा उतारा मला न मागता मिळावा. हरिणीसाठी दाबलेल्या ब्रेकापुढे 'हरीण' असा शेरा लिहिण्याचा हक्क मला असावा. आणि ती वही तिसऱ्याला विकावयाची असेल तर माझ्या अंगठ्यावाचून विकली जाऊ नये. सिएटलच्या त्या गृहस्थाला आपली २५८ पाने मिळाली खरी, पण ती हप्ता वाढल्यानंतर.

७

परतल्यावर पुणे स्टेशनाबाहेर रिक्षाला हात केला. चालकाच्या पुढ्यात, हँडलच्या मधोमध, फोन चिकटवलेला होता आणि त्याच्या डाव्या अंगाला मीटर.

"कशानं जायचं काका, ॲपनं का मीटरनं?"

"मीटरनं," मी म्हटले.

त्याने मीटर सुरू केले. तांबड्या आकड्यांचे ते लहानसे खोके मी आयुष्यात हजारदा पाहिले असेन, पण त्याचे तोंड कोणाकडे आहे हे त्या दिवशी प्रथम न्याहाळले. ते चालकाला दिसते आणि मलाही दिसते. कोणा एकाला त्यात फेरफार करता येऊ नये म्हणून तिसऱ्याने, म्हणजे सरकारच्या वैधमापन खात्याने, त्यावर शिशाचे सील ठोकलेले असते. आणि शंका आली तर दरपत्रक मागून आकडा ताडून पाहण्याचा अधिकार माझा. प्रवाशाने चालकाशी हुज्जत घालावी ती याच मीटरवरून, हे खरे. पण दोघांनाही जो आकडा दिसतो, त्याच्यावरूनच हुज्जत घालता येते.

संचेतीच्या पुलाजवळ गाडी थांबली तेव्हा चालकाच्या फोनवर निळा ठिपका लुकलुकत होता. मीटरने जायचे म्हटल्यावर त्याने तो बंद केला असेल, असे मी धरून चाललो होतो.

"तो चालूच असतो काका," तो म्हणाला, "बंद केला तर पुढचं भाडं मिळत नाही."

मग सिग्नल सुटला, मीटरचा आकडा एका रुपयाने चढला, आणि तो निळा ठिपकाही आमच्याबरोबर निमूटपणे पुढे सरकला.